शेवटच्या दोन ओळी

पोर्थलास, ५ जानेवारी १९४१

प्रिय हॉपकिन काका,

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. तुम्ही लंडनला दूध विकायला गेलात तेव्हा मी चॅपलमधल्या ऑर्गनच्या पायट्यांपर्यंत पाय पोचवायची धडपड करत होते आणि तुम्ही मला हाकलत होतात. मी नेस्टा, तुमच्या धाकट्या भावाची, ग्वीलिमची मुलगी. आता बी.ए. होऊन आले आहे. आपल्या घराण्यात पहिलीच. दारावर कोळसेवाला आला तरी आई त्याला हे सांगितल्याशिवाय पोतं उतरवू देत नाही. इथल्याच शाळेत इतिहास शिकवते.

बाबांना न कळवता लिहिते आहे. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा.

बाबांचं न्हाव्याचं दुकान चालूच आहे, पण लढाई लागल्यापासून ते बंबवालेही झाले आहेत. भोंगा झाला की वस्तरा मिटायचा आणि पळायचं. मध्यंतरी आपल्या चॅपलच्या पंचांपैकी डीकन थिओफिलस खुर्चीत बसले होते. एक गाल झाला होता, दुसरा फेसात होता. भोंगा झाला, बाबा गेले. ते परत येईतो प्रार्थनेची वेळ झाली, आणि डीकन तसेच जाऊन पुढच्या बाकावर बसले. एका बाजूच्या लोकांना काही कळलंच नाही. दुसऱ्या बाजूला उपदेश कोणी ऐकला नाही.

बाबांच्या तुकडीत निम्मे आपले मेथडिस्ट आहेत आणि निम्मे रस्त्यापलीकडचे बाप्टिस्ट. तुम्हांला आठवत असेल, ही माणसं एकमेकांच्या दुकानातून पावसुद्धा घेत नसत. त्या बाप्टिस्टांत शॅड्रक आहे, मासळीवाला. बायबलातला शॅड्रक धगधगत्या भट्टीतून न होरपळता बाहेर आला, म्हणून नळीचं तोंड धरायला नेहमी यालाच पुढे करतात. तो म्हणतो, नाव ठेवताना आईने मला एकदा विचारायला हवं होतं.

बंबवाल्यांचं खरं काम म्हणजे वाट बघणं. वाट बघताना ते गातात. आधी दोन कोपऱ्यांत बसून आपापली स्तोत्रं गात. मग बाबांनी सांगितलं की आपल्याकडे खर्जाला माणूस नाही आणि त्यांच्याकडे वरच्या पट्टीला नाही, तेव्हा आग लागेपर्यंत तरी एक होऊ. आता दुकानाशेजारच्या त्या बंबाच्या शेडपुढे संध्याकाळी लोक खुर्च्या घेऊन येऊन बसतात. आणि आता या तुकडीने ठरवलं आहे की जूनमध्ये व्हिटसनच्या सणाच्या सोमवारी गायनमेळा दोन्ही चॅपलांनी मिळून करायचा. पोर्थलासमध्ये हे कधी झालेलं नाही. मी दोन्ही चॅपलांची जुनी दप्तरं वाचली. भांडण मुळात कशावरून झालं ते कोणालाही सांगता येत नाही, पण सगळ्यांना खात्री आहे की दोष समोरच्यांचा होता.

अडचण एकच आहे. ऑर्गन वाजवायला माणूस नाही. आपल्या मिस अपजॉन बहिणीकडे खेड्यात राहायला गेल्या आणि बाप्टिस्टांचा वाजवणारा विमानदलात गेला. तुम्ही याल का?

तुम्ही का गेलात ते मला माहीत आहे. आजीच्या, आपल्या मामगीच्या, अंत्यविधीला तिचं आवडतं स्तोत्र चाललं होतं. बाबा गाणाऱ्यांपुढे ताल दाखवायची काठी घेऊन उभे होते. त्यांनी शेवटच्या दोन ओळी पुन्हा घेतल्या, मग आणखी एकदा, मग आणखी एकदा. आणि सगळे अगदी तारस्वरात असताना तुम्ही ऑर्गनचं झाकण लावलंत आणि निघून गेलात. तुमचं म्हणणं, पुस्तकात ओळ एकदा छापली आहे तर ती एकदाच म्हणायची. बाबांचं म्हणणं, लोकांचं मन भरेपर्यंत ओळ संपतच नाही. मी दोन्ही बाजूंनी पुष्कळ विचार केला. एवढ्यावरून सख्खे भाऊ दहा-अकरा वर्षं बोलत नाहीत, आणि आपण जगात शांतता आणायला निघालो आहोत.

या, काका.

तुमची पुतणी,
नेस्टा


पोर्थलास, १६ फेब्रुवारी १९४१

प्रिय काका,

तुमचं कार्ड मिळालं. "दुधाला सुट्टी नसते. हॉपकिन पेनरी." एवढंच. तरी मी ते दोनदा वाचलं, आणि तुमच्यासमोर हे कबूल करायला हरकत नाही की दोनदाही तेवढंच निघालं.

पण परवाच्या शनिवारी जे झालं ते तुम्हांला कळलंच पाहिजे.

सराव होता. नदीकाठच्या पंपाने पाणी चढवायचं, टेकडीवर ताडपत्रीच्या हौदात भरायचं, आणि तिथून दुसऱ्या पंपाने पुढे न्यायचं. नदीकाठच्या पंपावर शॅड्रक. त्याला हौद दिसत नाही, कारण मध्ये बाप्टिस्टांचं चॅपल येतं. घड्याळं प्रत्येकाची वेगळी चालतात. म्हणून बाबांनी युक्ती काढली. पंप सुरू झाला की सगळ्यांनी मामगीचं स्तोत्र सुरू करायचं. चार कडव्यांत हौद भरतो. गाणं खालपर्यंत ऐकू जातं. गाणं थांबलं की शॅड्रकने पंप थांबवायचा.

दोन वेळा बिनचूक झालं. मोठ्या गावाहून तपासणीला आलेले साहेब होते, त्यांनीही मान डोलावली. तिसऱ्या वेळी सूर लागला.

सूर लागला की काय होतं ते तुम्हांला मी सांगायला नको. चौथं कडवं संपलं, आणि एकानेही तोंड मिटलं नाही. शेवटच्या दोन ओळी पुन्हा. मग पुन्हा. खाली नदीवर शॅड्रक डोळे मिटून त्याच ओळींना खर्ज देतो आहे, आणि गाणं चालू म्हणजे पंप चालू. हौद भरला, वाहिला, आणि पाणी उतारावरून थेट बाप्टिस्टांच्या मागच्या खोलीत शिरलं. तिथे त्यांच्या बायकांनी साहेबांसाठी चहा मांडला होता. मनुकांचे केक ताटल्यांसकट तरंगत दाराशी आले.

आपण बाळाच्या कपाळावर चार थेंब शिंपडून बाप्तिस्मा उरकतो आणि ते मोठ्या माणसाला नखशिखान्त बुडवतात, यावरून शंभर वर्षं टोमणे चालले आहेत. त्यांचे पाद्री एलायस घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "आम्ही माणसं बुडवतो, ग्वीलिम. केक नाही."

बाबा म्हणाले, "आम्ही शिंपडायलाच आलो होतो, पाद्रीबाबा. हात जरा सैल पडला."

आधी पाद्री हसले. मग सगळेच. आपल्याकडच्या बायका झाडू घेऊन पलीकडे गेल्या. आईने जन्मात पहिल्यांदा बाप्टिस्टांच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला, आणि परत येऊन म्हणाली की त्यांच्या खिडक्या आपल्यापेक्षा स्वच्छ आहेत, हे कोणाला सांगू नकोस. भिजलेले केक चुलीवर वाळवून सगळ्यांनी खाल्ले. साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते कळलं नाही, पण जाताना तेही त्याच दोन ओळी गुणगुणत होते.

मी तुम्हांला लिहिते हे शॅड्रकने बाबांना सांगून टाकलं. मला वाटलं, आता रागावतील. ते वस्तऱ्याला धार लावत होते. वर न बघता म्हणाले, "हॉपी नाही यायचा. पण आलाच, तर त्याला सांग, डावीकडची पायटी करकरत होती ना, तिला मी तेल घातलंय."

ऑर्गन कोणी वाजवत नसताना त्यांनी तेल कधी घातलं, हे मी विचारलं नाही.

तुमची,
नेस्टा


पोर्थलास, ९ मार्च १९४१

प्रिय काका,

तुमची तार मिळाली. गाड्या बंद होत्या म्हणून तुम्हांला येता आलं नाही, हे कळलं. आई म्हणते नव्हत्या. मी म्हणते होत्या.

आम्ही तारेत बाबा गेले एवढंच कळवलं होतं. बाकीचं आता लिहिते.

विमानं बंदरासाठी आली होती, पण निम्मे बॉम्ब गावावर पडले. बाप्टिस्टांचं चॅपल जळलं, चार भिंती उरल्या आहेत. बाबांची तुकडी लाकडाच्या वखारीवर होती. नेमकी ओहोटी होती आणि नदीत चिखलाशिवाय काही नव्हतं. ते सगळे नळी खांद्यावर घेऊन मांडीभर चिखलातून पात्राच्या मधोमध गेले, तिथे पाणी मिळालं. वखारीमागची सगळी गल्ली वाचली. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली त्या गल्लीत राहतात. आग आटोक्यात आल्यावर ते नळी गुंडाळायला परत फिरले, तेव्हा वखारीची भिंत कोसळली. बाबा तिच्याखाली गेले. शॅड्रक हातभर पुढे होता. त्याच्या भुवया जळाल्या, बाकी तो धड आहे.

ते गात होते का, असं तुमच्या मनात येईल. माझ्याही आलं, आणि मी विचारलं. शॅड्रक म्हणाला, "नाही गं पोरी. तोंडात धूर होता. शिव्या देत होता, आणि त्यासुद्धा मेथडिस्ट. कोणाला लागतील अशा एकही नव्हत्या."

हे ऐकून मला त्या आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं. नंतर बराच वेळ थांबलं नाही.

अंत्यविधी झाला, पण तुम्ही ज्याला अंत्यविधी म्हणता तसा नाही. त्या दिवशी गावात अनेक घरची माणसं पुरायची होती आणि पुन्हा हल्ला होईल म्हणून मोकळ्या जागी जमाव करायला बंदी होती. प्रत्येकासाठी एक प्रार्थना आणि माती. गाणं नाही. या गावात कोणी कुत्रं पुरलं तरी दोन कडवी म्हणतात, आणि पेनरींच्या घरातला माणूस गाण्यावाचून गेला.

आई रडली, जेवली, शेजाऱ्यांशी बोलली. पण गात नाही. भांडी घासताना नाही, भाकरीचं पीठ मळताना नाही. घर इतकं शांत असतं की शेजारीण भिंतीवर थाप मारून विचारते, बरं आहे ना?

मी ठरवलं आहे, काका. मेळा होईल, आणि त्यात बाबांसाठी मामगीचं स्तोत्र होईल, ऑर्गनसकट. ते झाल्याशिवाय त्यांना नीट निरोप दिला असं मला वाटणार नाही.

नेस्टा


पोर्थलास, १८ मे १९४१

प्रिय काका,

लोणी पोचलं. पार्सलवर अक्षर काकूंचं होतं, पण सुतळीला दुहेरी गाठ मारून टोक आत खोचलेलं होतं. आई ते पार्सल मांडीवर घेऊन बसली आणि ती गाठ कापू देईना. बाबाही तशीच मारायचे. शेवटी नखांनी सोडवली. लोण्याबद्दल ती म्हणाली, जरा खारट आहे. मग अर्धं शॅड्रकच्या घरी दिलं आणि तिकडे सांगितलं की आमच्या हॉपकिनचं आहे.

"आमच्या" म्हणाली, हे मुद्दाम लिहिते आहे.

मेळ्याचं सांगते. आमच्या पंचांची बैठक झाली. पंचांपुढे बाईने बोलायचं नसतं, पण मी उभी राहिले. म्हटलं, त्यांच्या चॅपलला छप्पर नाही, आपल्याला आहे, आणि दोघांकडचे पुरुष एकाच चिखलात उतरले होते. मी आणखीही बरंच बोलले, त्यात माणुसकी हा शब्द फार वेळा आला असावा, कारण एक पंच घड्याळ बघायला लागले. एकाने म्हटलं, बाप्टिस्ट आपल्या बाकांवर बसले तर पुन्हा उठतील याची हमी कोण देणार?

तेव्हा डीकन थिओफिलस उठले. त्यांनी दाढी वाढवली आहे, अगदी छातीपर्यंत. दुसऱ्या न्हाव्याकडे जायला मन होत नाही, म्हणतात. ते म्हणाले, "ग्वीलिमने मला अर्ध्यावर सोडलं होतं. मी त्याला अर्ध्यावर सोडणार नाही. मेळा होईल."

पण पोलिसांची अट आहे. एवढे लोक एका छपराखाली फार वेळ थांबायचे नाहीत. प्रत्येक स्तोत्र छापल्याबरहुकूम, एकदाच. शेवटच्या ओळी पुन्हा घ्यायच्या नाहीत. पंचांनी तसं लिहून दिलं, दोन्ही पाद्र्यांनी व्यासपीठावरून वाचून दाखवलं, आणि बाबांच्या जागी काठी धरणाऱ्या शॅड्रकने सगळ्यांसमोर शब्द दिला.

म्हणजे तुम्हांला हवं तसंच होणार आहे.

मला हे आवडलेलं नाही, खोटं कशाला बोलू. बाबांचं स्तोत्र बाबांच्या रीतीने व्हावं असं मला वाटत होतं. पण अजिबात न होण्यापेक्षा तुमच्या रीतीने झालेलं चालेल. ऑर्गनला अजून माणूस नाही. ऑर्गनशिवाय गाता येतं, हे मला माहीत आहे. पण त्या बाकावर नुसतं कापड घातलेलं मला बघवणार नाही.

एक दिवस दूध काकू देतील. त्यांना मी वेगळं लिहिलं आहे.

नेस्टा


पोर्थलास, ५ जून १९४१

प्रिय काका,

तुम्ही आलात. कोणाला न सांगता, बाजूच्या दाराने, आणि घरी न येता थेट ऑर्गनवर जाऊन बसलात. पहिली पट्टी दाबली तेव्हा चॅपलभर माना वळल्या आणि मागच्या बाकावरून कोणीतरी कुजबुजलं, "हॉपी पेनरी." ते तुम्हांला ऐकू गेलं असेल. पण ऑर्गन वाजवणारा आमच्याकडे पाठ करून बसतो, आणि समोरच्या त्या वितीएवढ्या आरशात त्याला फक्त काठी दिसते. मेळा संपताच तुम्ही संध्याकाळच्या गाडीने निघूनही गेलात. म्हणून तुमच्या पाठीमागे काय काय झालं ते तुम्हांला माहीत नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

गर्दी इतकी होती की खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं बसली होती. बाप्टिस्ट डावीकडे आणि आपण उजवीकडे, असं ठरलं होतं. दुसऱ्या स्तोत्रापर्यंत जागेच्या टंचाईने ते मोडलं. आईच्या एका बाजूला पाद्री एलायस आणि दुसऱ्या बाजूला शॅड्रकची बायको होती. बंबवाले गणवेशात पुढे उभे होते. दारात पोलीस शिपाई बॉवेन हातात घड्याळ घेऊन.

सगळं छापल्याबरहुकूम चाललं. सुबक झालं. बाहेर पडल्यावर लोक म्हणाले असते, छान झालं, आणि घरी गेले असते.

मग मामगीचं स्तोत्र. शॅड्रकने नाव घेतलं नाही, नुसतं म्हणाला, "हे न्हाव्यासाठी." चार कडवी झाली. काठी खाली आली. सगळे थांबले, ठरल्याप्रमाणे. पण काका, थांबले म्हणजे काय? प्रत्येकाने पुढच्या ओळीसाठी श्वास भरून घेतला होता. एवढी माणसं तो श्वास तसाच छातीत धरून उभी होती. कोणाला सोडवेना. शॅड्रकची काठी खाली होती आणि तो बुटांकडे बघत होता. दिलेला शब्द पाळताना माणूस इतका केविलवाणा दिसतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आणि तुम्ही त्या दोन ओळींची सुरुवात पुन्हा वाजवलीत.

शॅड्रकला वाटलं, चुकून हात पडला. मला तो नंतर म्हणाला, "आरशात मला त्याचे डोळे दिसले. मग कळलं, हा गडी चुकत नाहीये."

पहिला आवाज आईचा होता. तीन महिन्यांत न वापरलेला. गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला आणि पहिल्या शब्दावर अडला. शॅड्रकच्या बायकोने तिचा हात धरला नाही की काही नाही, नुसती तिच्या पट्टीला पट्टी लावून उभी राहिली. दुसऱ्या ओळीला आई नीट सुरात होती. तोवर सगळं चॅपल उठलं होतं. बॉवेनने घड्याळ खिशात टाकलं. तो खर्जाला फार चांगला आहे, हे गावात कोणाला माहीतच नव्हतं. डीकन थिओफिलस डोकं मागे टाकून गात होते आणि दाढी ओळीबरोबर वरखाली होत होती, ते बघून पुढच्या बाकावरच्या माझ्या वर्गातल्या मुली हसत होत्या आणि हसत हसत गात होत्या. एकदा झालं की वाटायचं, आता संपलं. शॅड्रक काठी खाली आणायचा, आणि तुम्ही पुन्हा सुरू. शेवटी त्याने काठी कोटाच्या खिशात खोचली आणि दोन्ही हात मोकळे सोडले.

मी रडत नव्हते. मला वाटलं होतं की रडेन. मला इतका आनंद झाला होता की माझ्या हातातलं पुस्तक कधी पडलं ते कळलं नाही. बाबा गेल्यापासून त्यांची आठवण आली की मला ती भिंत दिसायची. त्या वेळी मला ते दुकानाच्या दारात दिसले, गळ्यात फडकं, हातात वस्तरा, आणि आत कोणीतरी फेसात बसलेलं.

किती वेळा झालं यावर गावात अजून वाद आहे. शॅड्रक मोठा आकडा सांगतो. डीकनांनी पोलिसांना कळवलं आहे की ऑर्गनमध्ये बिघाड झाल्याने एक ओळ क्वचित दुबार झाली. खाली बॉवेनची सही आहे.

मग तुम्ही थांबलात, झाकण हळू लावलंत, आणि आम्ही वळेपर्यंत दार हलत होतं. आईने तुमच्यासाठी ताट वाढून ठेवलं होतं. शॅड्रक मासळीची हातगाडी रिकामी करून तिच्यात आईला बसवून स्टेशनपर्यंत पळाला. सगळ्या रस्त्याने आई त्याला ओरडत होती की मी मासा नाही. ते पोचले तेव्हा गाडी वळणावर गेली होती.

आता घरचं. आई परवापासून गाते आहे. आज सकाळी शेजारीण भिंतीवर थाप मारून म्हणाली, जरा हळू.

आणि तुमची काळी टोपी ऑर्गनवर राहिली आहे. आईने ती ब्रशने साफ केली आणि दारामागच्या खुंटीवर लावली. मी म्हटलं, खोक्यात घालून टपालाने पाठवते. ती म्हणाली, टोपी टपालाने जात नाही. मी म्हटलं, जाते, मी पोस्टात विचारून आले.

"पोस्टातल्यांना काय कळतं?" ती म्हणाली. "ज्याची आहे त्याने यावं, जेवावं, आणि घालून जावं. आणि बायकोलाही आण म्हणावं, तिला ते लोणी कसं करायचं ते सांगते."

रविवारी आम्ही एक वाजता जेवतो. आईने चार खुर्च्या मांडून बघितल्या, बसतात.

तुमची,
नेस्टा